ॲनालॉग फ्लँजर पेडलमधील नियंत्रणांचा संगीतविचार : एक चिकित्सा

प्रस्तावना

ध्वनिमुद्रित संगीताची समीक्षा करताना चाल, शब्द, ताल आणि गायकी यांविषयी विस्ताराने लिहिले जाते. नादाच्या पोताविषयीचे विवेचन मात्र बहुधा एखाद्या विशेषणावर आटोपते. इलेक्ट्रिक गिटारच्या संदर्भात ही उणीव विशेष जाणवते, कारण या वाद्याचा नाद तारेपाशी पूर्ण होतच नाही. तार, पिकअप, वादकाच्या पायाशी मांडलेल्या पेडलांची रांग आणि ॲम्प्लिफायर असा प्रवास करून तो श्रोत्यापर्यंत येतो. या रांगेतील एक पेडल म्हणजे फ्लँजर. त्यावर साधारणपणे तीन किंवा चार नॉब असतात आणि हे नॉब कसे वापरावेत याविषयी भरपूर लिहिले गेले आहे. परंतु त्यातील बहुतांश लेखन माहितीपत्रकाच्या वळणाचे आहे. अमुक नॉबची खूण घड्याळातील दहाच्या काट्यावर, तमुक नॉबची दोनच्या काट्यावर ठेवली की अमुक वादकाचा आवाज मिळतो, अशा थाटाची ती पाककृती असते. दुसरीकडे संगीतसमीक्षक या नादाला 'जेट विमानासारखा' म्हणून पुढच्या वाक्याकडे वळतात. एका लेखनात निर्णय आहे पण त्याचे कारण नाही. दुसऱ्यात परिणाम आहे पण त्यामागचा निर्णय नाही.

नॉबची जागा ठरविणे हा पूर्णार्थाने संगीतविषयक निर्णय असून त्याची चिकित्सा चालीच्या चिकित्सेइतकीच काटेकोरपणे करता येते, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे. चार नॉबांपैकी जो सर्वांत दुर्लक्षित राहतो, तो 'मॅन्युअल' नावाचा नॉब या निर्णयात सर्वाधिक महत्त्वाचा आहे, हे दाखविण्याचा येथे प्रयत्न केला आहे. विवेचन ॲनालॉग पेडलांपुरते मर्यादित ठेवले आहे. डिजिटल यंत्रांत नॉबची जागा आकड्याच्या रूपाने साठविता येते व पुन्हा जशीच्या तशी आणता येते, त्यामुळे तेथील प्रश्न वेगळे आहेत.

प्रस्तुत लेखकाचे अध्यापनक्षेत्र साहित्यसमीक्षेचे आहे आणि गिटारशी संबंध हौशी वादकाचा आहे. लेखातील भौतिक बाजू पदार्थविज्ञान विभागातील सहकाऱ्यांच्या मदतीने, त्यांच्याच प्रयोगशाळेतील ऑसिलोस्कोपवर पडताळून घेतली आहे.

पूर्वपीठिका : अंगठा आणि चक्री

एकच ध्वनी दोन वाटांनी, किंचित कालांतराने कानावर आला की त्याचा रंग बदलतो, हे निरीक्षण विजेच्या युगाच्या पुष्कळ आधीचे आहे. डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स याने १६९३ साली फ्रान्समधील शांतिई येथील बागेत कारंज्याचा आवाज ऐकताना एक विशिष्ट स्वर ऐकू येत असल्याची नोंद केली होती. दगडी जिन्याच्या पायऱ्यांवरून परावर्तित होणारा आवाज मूळ आवाजात मिसळल्यामुळे तो स्वर उमटत होता. जेट विमानाच्या उपमेबद्दलही हेच म्हणता येईल. विमानाचा आवाज आपल्यापर्यंत थेट येतो आणि जमिनीवर आदळूनही येतो. विमान पुढे सरकते तसतसे या दोन वाटांमधील अंतर बदलत जाते. म्हणजे समीक्षकांची ही झिजलेली उपमा भौतिक दृष्टीने अचूक आहे. ती वापरणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असते, हा भाग निराळा.

ध्वनिमुद्रणात हा परिणाम यंत्राच्या हाताळणीतून आला. अमेरिकन वादक लेस पॉल याने १९४५च्या सुमारास दोन तबकड्यांपैकी एकीची गती बदलून असा प्रयोग केला होता. टोनी फिशर या गायिकेच्या 'द बिग हर्ट' या १९५९च्या गाण्यात तो सर्वसामान्य श्रोत्यांपर्यंत पोहोचला. १९६६ साली लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओत केन टाउनसेंड या अभियंत्याने बीटल्ससाठी एकच आवाज दुहेरी करणारी टेपची यंत्रणा तयार केली. १९६७ मध्ये स्मॉल फेसेसच्या 'इचिकू पार्क'मध्ये आणि जिमी हेंड्रिक्सच्या 'बोल्ड ॲज लव्ह'च्या अखेरच्या भागात हा नाद ठळकपणे ऐकू येतो. पद्धत साधारण अशी असे : एकच मुद्रण दोन टेप यंत्रांवर एकाच वेळी वाजवायचे आणि एका यंत्राच्या चक्रीच्या कडेला अंगठ्याने हलकेच दाबून ते अगदी थोडे मागे पाडायचे. चक्रीच्या या कडेला इंग्रजीत फ्लँज म्हणतात आणि 'फ्लँजिंग' या नावाचा संबंध सामान्यतः तिच्याशी जोडला जातो.

या इतिहासातील एक बाब प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. टेपवरील फ्लँजिंगमध्ये 'नियंत्रण' म्हणजे अंगठा होता. किती दाबायचे, कोणत्या शब्दावर दाबायचे आणि केव्हा सोडायचे, हे अभियंता गाणे ऐकत ऐकत ठरवीत असे. शिवाय मागे पडलेली टेप पुन्हा पुढे नेताना दोन्ही मुद्रणे क्षणभर एकमेकांवर तंतोतंत येत आणि एक दुसरीला ओलांडून जाई. त्या ओलांडण्याच्या क्षणी सगळा नाद जणू उलटा होतो. पायाशी ठेवायच्या पेडलात अंगठ्याचे काम एका संथ विद्युत् लहरीकडे गेले आणि ओलांडणेही हरवले. पेडलातील मूळ संकेत विलंबाविना जातो आणि दुसऱ्या संकेताला काही किमान विलंब असतोच, त्यामुळे बहुतेक ॲनालॉग पेडल शून्याच्या जवळ जाऊ शकतात, पलीकडे जाऊ शकत नाहीत. पेडलवरील नॉब म्हणजे अंगठ्याच्या हरवलेल्या निर्णयांची वाटणी होय, असे मला वाटते. एकच हालचाल चार नॉबांत विभागली गेली आणि वादकाने ती पुन्हा जोडून घ्यावी, अशी अपेक्षा निर्माण झाली.

यंत्राचे अंतरंग

१९६९ मध्ये फिलिप्स कंपनीच्या प्रयोगशाळेत सँगस्टर आणि टीअर या संशोधकांनी 'बकेट ब्रिगेड' या नावाने ओळखले जाणारे साधन तयार केले. आग विझविताना माणसांची रांग हातोहात पाण्याच्या बादल्या पुढे सरकवते, तसा या साधनातील प्रत्येक कपॅसिटर आपल्याजवळचा विद्युत् भार पुढच्या कपॅसिटरकडे देतो. भार पुढे सरकविण्याचा हुकूम एका क्लॉककडून येतो. १०२४ टप्प्यांच्या अशा चिपमध्ये विलंब काढण्याचे सूत्र सोपे आहे : टप्प्यांच्या संख्येला क्लॉकच्या वारंवारतेच्या दुपटीने भागावे. क्लॉक १०० किलोहर्ट्झ असेल तर विलंब ५.१२ मिलिसेकंद येतो. तो ५०० किलोहर्ट्झपर्यंत वाढविला तर विलंब साधारण १ मिलिसेकंदावर उतरतो. म्हणजे फ्लँजरवरील बहुतेक नॉब अखेरीस या एका क्लॉकलाच हाकत असतात.

येथे एक प्रचलित गैरसमज नोंदविणे आवश्यक वाटते. 'ॲनालॉग' म्हणजे अखंड आणि 'डिजिटल' म्हणजे तुकड्यातुकड्यांचे, अशी सरसकट विभागणी केली जाते आणि त्यावर 'उबदार' व 'थंड' नादाची सारी भाषा उभारली जाते. बकेट ब्रिगेडमध्ये संकेताचे मूल्य आकड्यात बदलले जात नाही हे खरे. पण काळाचे तुकडे तेथेही पडतातच. प्रत्येक बादलीत त्या त्या क्षणाचा नमुना असतो. त्यामुळे चिपच्या आधी आणि नंतर उच्च वारंवारता गाळणारी मंडले बसवावी लागतात, आणि ज्याला आपण उबदारपणा म्हणतो त्यातील पुष्कळसा भाग या गाळणीचा असतो.

विलंबित संकेत मूळ संकेतात मिसळला की काही वारंवारता एकमेकींना पूरक ठरतात आणि काही एकमेकींना पुसून टाकतात. विलंब १ मिलिसेकंद असेल तर ५००, १५००, २५०० हर्ट्झ अशा समान अंतरांवर खाचा पडतात. ५ मिलिसेकंद असेल तर त्या १००, ३००, ५०० अशा दाट होतात. आलेख कंगव्याच्या दात्यांसारखा दिसतो. फेझर नावाचे जे भावंड पेडल आहे त्यात अशा खाचा मोजक्याच असतात आणि त्या समान अंतरांवर नसतात. समान अंतरांवरील हे दाते हेच फ्लँजरचे वैशिष्ट्य होय. तारेचे उपस्वरही समान अंतरांवरच असतात, त्यामुळे या दोन कंगव्यांची एकमेकांशी गाठ पडते. पुढील सर्व विवेचन या गाठीवर अवलंबून आहे.

मॅन्युअल : जागेचा निर्णय

बॉस कंपनीच्या १९८०च्या बीएफ-२ या पेडलवर मॅन्युअल, डेप्थ, रेट आणि रेझोनन्स असे चार नॉब आहेत. एमएक्सआरच्या एम-११७वर त्यांपैकी तीन नावे वेगळी आहेत : डेप्थऐवजी विड्थ, रेटऐवजी स्पीड आणि रेझोनन्सऐवजी रीजनरेशन. मॅन्युअल मात्र दोन्हीकडे मॅन्युअलच आहे. नावावरून त्याचे काम लक्षात येत नाही आणि बहुधा म्हणूनच तो 'मध्यावर ठेवावा' या एका सूचनेवर सोडून दिला जातो. वास्तविक मूळ विलंब किती असावा, म्हणजेच कंगवा कोठे ठेवावा, हे हा नॉब ठरवितो.

डेप्थ पूर्णपणे शून्यावर आणून, म्हणजे सगळी हालचाल थांबवून, केवळ मॅन्युअल हळूहळू फिरवीत गिटारची मोकळी पाचवी तार वाजवावी. ही तार ११० हर्ट्झच्या 'ए' स्वरात मिळविलेली असते. तिचे उपस्वर २२०, ३३०, ४४० असे चढत जातात. विलंब साधारण ४.५ मिलिसेकंदांवर आला की कंगव्याच्या खाचा ११०, ३३०, ५५० येथे पडतात. मूळ स्वर आणि सर्व विषम उपस्वर क्षीण होतात; उरतात ते २२०, ४४०, ६६० असे सम उपस्वर. परिणामी कानाला ती तार एक सप्तक वर गेल्याचा भास होतो. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर हा बदल होताना आम्ही तिघांनी पाहिला. पडद्यावरील एका लहरीच्या जागी दोन लहरी उभ्या राहिल्या. प्रत्यक्ष पेडलात खाचा पूर्ण खोल नसतात, त्यामुळे मूळ स्वर सर्वस्वी नाहीसा होत नाही. पण फरक एवढा स्पष्ट असतो की नवख्या श्रोत्यालाही तो सांगावा लागत नाही. आता विलंब दुप्पट, म्हणजे ९ मिलिसेकंदांच्या किंचित पुढे न्यावा. त्याच तारेचा प्रत्येक उपस्वर आता खाचेऐवजी शिखरावर बसतो आणि खाचा दोन उपस्वरांच्या मधल्या रिकाम्या जागेत पडतात. नाद भरदार होतो, पण त्याचा रंग जवळजवळ बदलत नाही. म्हणजे यंत्र तेच, तारही तीच. मॅन्युअलची एक जागा स्वराला पोकळ करते आणि दुसरी त्याला केवळ पुष्ट करते.

यातून निघणारा निष्कर्ष पाककृतीवजा लेखनाला अडचणीत आणणारा आहे. मॅन्युअलची 'योग्य' जागा गाण्याच्या स्वरपट्टीवर अवलंबून असते. 'ए'मध्ये बांधलेल्या चालीत जी जागा पोकळ नाद देते, ती 'ई'मध्ये बांधलेल्या चालीत तसे करणार नाही, कारण सहाव्या तारेचा मोकळा स्वर ८२.४ हर्ट्झचा आहे आणि त्याच्या खाचेसाठी विलंब सहा मिलिसेकंदांच्या थोडा पुढे न्यावा लागतो. दोनच्या काट्याची सूचना देणारा लेखक स्वरपट्टीचा उल्लेख करीत नसेल, तर त्याने निम्मीच गोष्ट सांगितली आहे.

आपल्याकडील वाचकाला हा विचार परका वाटू नये. तंबोऱ्याची जवारी लावणे हे आपल्या संगीतपरंपरेत कारागिरी आणि गायकी यांच्या सीमेवरील काम मानले जाते. घोडीवरील दोरा केसभर सरकविला तरी तारेचे उपस्वर उघडतात किंवा मिटतात. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या शोधनिबंधात या घोडीच्या रचनेचा भौतिक अंगाने विचार केला होता. दोऱ्याची जागा ही तांत्रिक बाब आहे, तिचा गाण्याशी संबंध नाही, असे कोणताही गवई म्हणणार नाही. जवारीत नाद फुलतो तो तार छेडल्यानंतरच्या कंपनातून, तर फ्लँजरमध्ये तो क्लॉकच्या हुकमावर बदलतो. हा भेद मोठा आहे आणि साम्य त्याच्या पुढे ताणू नये. तरीही दोऱ्याला जो मान आपण देतो तो नॉबला का नाकारावा, हा प्रश्न उरतोच.

डेप्थ आणि रेट : गुणाकाराचा धोका

डेप्थ म्हणजे कंगव्याने आपल्या जागेपासून किती दूर जावे आणि रेट म्हणजे ही ये-जा किती वेळात करावी. हे दोन नॉब वेगवेगळे दिसत असले तरी कानावर त्यांचा गुणाकार पडतो. विलंब बदलत असताना स्वराची उंचीही बदलते. विलंब ज्या गतीने बदलेल त्या प्रमाणात स्वर हलतो. समजा, विलंब एका सेकंदात १ पासून १० मिलिसेकंदांपर्यंत गेला. विलंबित स्वर ०.९ टक्क्यांनी, म्हणजे सुमारे १५ सेंट उतरेल. अर्ध्या स्वराच्या जेमतेम सहाव्या भागाएवढा हा फरक मूळ स्वरासोबत गोड लागतो. तेवढेच अंतर एका सेकंदाच्या दहाव्या भागात कापले तर फरक ९ टक्के, म्हणजे जवळजवळ दीड अर्धस्वर होतो आणि गिटार बेसूर डळमळू लागते. म्हणून रेट वाढविताना डेप्थ कमी करणे हे आवडीनिवडीपेक्षा हिशेबाचे काम आहे. पाण्याखाली वाजविल्यासारखा जो भडक नाद पुष्कळदा ऐकू येतो, तो या हिशेबाकडे दुर्लक्ष केल्याचा परिणाम असतो.

डेप्थविषयी आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. पुष्कळ पेडलांत डेप्थ पूर्ण उघडली की मॅन्युअलचा प्रभाव जवळजवळ संपतो. कंगवा आपल्या संपूर्ण पट्ट्यात फिरत असल्याने त्याला स्वतःची जागाच उरत नाही. बहुसंख्य हौशी वादक पहिल्या दिवशी डेप्थ पूर्ण उघडतात, मॅन्युअल फिरवून पाहतात, काहीच घडत नाही असे ठरवितात आणि तो नॉब कायमचा विसरतात. प्रस्तुत लेखकानेही तेच केले होते आणि त्यात दोन वर्षे गेली.

रेटच्या नॉबवर आकडे नसतात. गाण्याची लय मिनिटाला १२० मात्रांची असेल तर चार मात्रांचा एक खंड दोन सेकंदांत संपतो आणि चार खंडांची ओळ आठ सेकंदांत. संथ लाटेचा वळणबिंदू ओळीच्या शेवटाशी जुळावा असे वाटत असेल तर ते कानानेच जुळवावे लागते आणि लय किंचित बदलली की ते निसटते. त्यातच बहुतेक पेडलांत ही संथ लहर सतत चालू असते. परिणाम बंद असतानाही ती आतल्या आत फिरत राहते. त्यामुळे पाय पेडलवर पडेल तेव्हा कंगवा वर असेल की खाली, हे वादकाला नक्की ठाऊक नसते. पेडलच्या वापरातील ही अनिश्चितता काहींना दोष वाटते. मला ती वादकाला जागे ठेवणारी अट वाटते.

रेझोनन्सविषयी थोडक्यात. चिपमधून बाहेर आलेला संकेत पुन्हा आत फिरविला की कंगव्याची शिखरे टोकदार होतात. परत फिरणारा भाग ०.९ पट असेल तर शिखरावर विलंबित संकेत दहापट, म्हणजे २० डेसिबलने वाढतो. अशा वेळी यंत्राला स्वतःचा स्वर येतो आणि तो गाण्याच्या स्वरपट्टीशी भांडू शकतो. मॅन्युअलविषयी वर जे म्हटले आहे ते येथे दुप्पट लागू होते. ए/डीएच्या फ्लँजरवर सम आणि विषम उपस्वर निवडणारे एक बटणही आहे. त्याने विलंबित संकेत उलटा करून मिसळला जातो, शिखरांच्या जागी खाचा येतात आणि खर्ज पातळ होतो.

वापराची दोन उदाहरणे

द पोलीस या ब्रिटिश त्रिकुटाचा गिटारवादक अँडी समर्स इलेक्ट्रो-हार्मोनिक्सचा इलेक्ट्रिक मिस्ट्रेस हा फ्लँजर वापरीत असे. १९७९च्या 'वॉकिंग ऑन द मून' या गाण्यात त्याने गिटारला जवळजवळ काहीच काम ठेवलेले नाही. बासची आकृती संपते, मोकळी जागा राहते आणि त्या जागेत एकच स्वरमेळ उमटून लांबत जातो. फ्लँजरला काम करायला अवकाश लागतो, हे येथे कळते. स्वरमेळ विरत असताना त्यातील उपस्वरांवरून कंगवा एकदा, फार तर दीड वेळा फिरतो आणि श्रोत्याला ती संपूर्ण फेरी ऐकू येते. याच मांडणीवर भरभर गिटार वाजविली असती तर प्रत्येक फटक्यावर लाटेचा एखादा तुकडा तेवढा पडला असता आणि उरला असता केवळ एक चकचकीत मुलामा. १९८०च्या दशकातील पुष्कळशा गिटारवादनाचे आज जे जुनाट भासणे आहे, त्याचे कारण पेडलात शोधण्यापेक्षा ते पहिल्या स्वरापासून शेवटपर्यंत चालू ठेवण्याच्या सवयीत शोधावे, असे माझे मत आहे.

दुसरे उदाहरण एडी व्हॅन हेलनचे. १९८१च्या 'फेअर वॉर्निंग' या संग्रहातील 'अनचेन्ड' या गाण्यात तो एमएक्सआरचा फ्लँजर मुख्य आकृतीच्या एका तुकड्यापुरता चालू करतो आणि लगेच बंद करतो. जोरकस, विकृत केलेला नाद उपस्वरांनी गच्च भरलेला असल्याने कंगव्याला पकडायला पुष्कळ काही मिळते आणि थोड्या अवधीतही झोत स्पष्ट ऐकू येतो. परंतु खरा परिणाम होतो तो बंद करण्याचा. कोरडा नाद परत येतो तेव्हा तो आधीपेक्षा अधिक जवळ आणि अधिक कठीण वाटतो. येथे पाचवे नियंत्रण म्हणजे पाय आहे आणि चार नॉबांची जागा त्या पायाला साजेशी निवडलेली आहे. आदल्या वर्षीच्या 'अँड द क्रेडल विल रॉक' या गाण्याच्या आरंभी हाच फ्लँजर इलेक्ट्रिक पियानोवर वापरला आहे आणि अनेक श्रोते आजही ती गिटारच समजतात.

२००७ मध्ये एमएक्सआरने व्हॅन हेलनच्या नावाचा फ्लँजर बाजारात आणला. त्यावर एक बटण आहे. ते दाबले की 'अनचेन्ड'मधील नॉबच्या जागा आपोआप लागू होतात. सोय म्हणून यात वावगे काही नाही. पण पाककृतीच्या मार्गाने गेलेल्या विचाराचा शेवट कोठे होतो, याचा हा नमुना आहे. बटणाने चार जागा जपल्या. तुकडा कोठे सुरू करावा आणि कोठे सोडावा हे मात्र त्या बटणात नाही, आणि गाण्यात ऐकू येते ते प्रामुख्याने तेच.

याच्या उलट टोकाला मिस्ट्रेसवरील 'फिल्टर मॅट्रिक्स' हे बटण आहे. डेव्हिड कॉकरेल याने १९७६च्या सुमारास रचलेल्या या पेडलवर रेट, रेंज आणि कलर एवढेच तीन नॉब आहेत. हे बटण दाबले की आतली संथ लहर तुटते आणि रेंजचा नॉब थेट विलंब ठरवू लागतो. फ्लँजर असूनही काहीच हलत नाही. एखाद्या धातूच्या नळीतून यावा तसा स्थिर, घंटेसारखा नाद मिळतो. व्यापारी दृष्टीने पाहता, ज्या हालचालीसाठी लोक हे यंत्र विकत घेतात तीच थांबविणारे बटण त्यावर देणे विचित्र म्हणावे लागेल. समीक्षेच्या दृष्टीने मात्र ते या साऱ्या कुळातील सर्वांत प्रामाणिक बटण आहे. आधी जागा ऐका, मग ती हलवा, असा क्रम ते सुचविते.

खुणांची पट्टी

महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनातील वाद्यवृंदात गेल्या वर्षी एका विद्यार्थ्याने जुने फ्लँजर पेडल आणले होते. त्याने नॉबांभोवती कागदी चिकटपट्टी लावून तीन गाण्यांसाठी तीन रंगांच्या खुणा केल्या होत्या. संमेलनाच्या दोन दिवस आधी ते पेडल बिघडले आणि त्याने त्याच कंपनीचे, त्याच नमुन्याचे दुसरे पेडल मित्राकडून आणले. चिकटपट्टी काळजीपूर्वक उचलून नव्या पेडलवर लावली, खुणा जुळविल्या आणि नाद जुळला नाही. ॲनालॉग यंत्रांत हे व्हायचेच. आतील बारीक समायोजने प्रत्येक पेडलात थोडी वेगळी असतात, सुटे भाग वयानुसार बदलतात, क्लॉक किंचित वर किंवा खाली सरकतो. दोनचा काटा एका पेडलवर जो विलंब देतो तो दुसऱ्यावर देईलच असे नाही.

त्याची अडचण ऐकून मी त्याला डेप्थ बंद करायला सांगितले आणि गाण्याचा पहिला स्वर कोणता ते विचारले. पहिले गाणे 'ए'मध्ये होते. पाचवी तार मोकळी वाजवीत त्याने मॅन्युअल सावकाश फिरविला. एका जागी तार पोकळ झाली, तेथे त्याने बोट थांबविले, थोडे मागे आला, पुन्हा पुढे गेला. मग डेप्थ चिमूटभर उघडली आणि रेट गाण्याच्या ओळीएवढा लांब होईपर्यंत कमी करीत नेला. यात सात-आठ मिनिटे गेली. दुसऱ्या गाण्याची स्वरपट्टी वेगळी होती; ते त्याने मला न विचारता लावले. चिकटपट्टी तशीच राहिली होती आणि त्याच्या नव्या जागा तिच्यावरील एकाही खुणेशी जुळत नव्हत्या.